'से अगेन' म्हणायला शिकले : ३०० नॉटिकल मैलांची एकटीची फेरी

गेल्या दोन महिन्यांत तीन घरांतून फोन आले. एक इथूनच, कळव्याच्या मनीषा नगरमधून, एक ऐरोलीहून, एक बदलापूरहून. तिन्ही घरांत बारावी सायन्स झालेलं मूल, त्याला वैमानिक व्हायचंय आणि आईवडिलांना खर्च विचारायचाय. खर्च मी सांगितला. पण तिन्ही मुलांनी मग स्वतः फोन घेतला आणि जरा हळू आवाजात एकच विचारलं, "ताई, रेडिओवर सगळं इंग्लिशमध्येच असतं ना? जमतं का ते?"

हे सगळं त्या प्रश्नासाठी लिहितेय. खर्च, कागद, तारखाही देते, कारण मला त्या कुणी दिल्या नव्हत्या.

मी कळव्याची. दहावीपर्यंत मराठी शाळा, पुढे फिजिक्स घेऊन बीएस्सी, मग रबाळे एमआयडीसीत एका प्रयोगशाळेत तीन वर्षं नोकरी. बाबा ठाणे परिवहनमध्ये वाहक होते, आता निवृत्त आहेत. आमच्या नात्यात विमानाशी संबंध आलेलं कुणीच नाही.

व्यावसायिक परवान्यासाठी, म्हणजे सीपीएलसाठी, एकूण २०० तास उड्डाण लागतं. त्यात २० तास एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याचे, म्हणजे क्रॉस कंट्रीचे, आणि तेही विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन. या २० तासांतली एक फेरी किमान ३०० नॉटिकल मैलांची हवी, आणि वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून, पूर्ण थांबून पुन्हा निघायचं असतं. ३०० नॉटिकल मैल म्हणजे साधारण ५५५ किलोमीटर. आमच्या उड्डाण शाळेत या फेरीला सगळे नुसतं 'थ्री हंड्रेड' म्हणतात. "तुझं थ्री हंड्रेड झालं का?" हा प्रश्न मेसमध्ये रोज कुणीतरी कुणालातरी विचारत असतं.

पण तिथवर पोचायलाच मला दोन वर्षं लागली.

मार्च २०२२ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, कम्प्युटर नंबर काढायला घेतला. तो नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. त्यासाठी बारावीच्या गुणपत्रिकेची मंडळाकडून पडताळणी लागते, आणि आपलं विभागीय मंडळ वाशीला आहे. मूळ गुणपत्रिका, तिच्या दोन प्रती आणि ओळखपत्र घेऊन सकाळी पहिल्या तासात जा. नावाचं स्पेलिंग दहावी, बारावी, आधार आणि पासपोर्टवर एकसारखं आहे ना, हे आधी घरी बसून तपासा. माझ्या वडिलांच्या नावात एका कागदावर एक अक्षर जास्त होतं. ते दुरुस्त करण्यात पाच आठवडे गेले.

मेडिकल आधी करा, फी भरण्याच्याही आधी. क्लास २ साठी डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडे जायचं असतं. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, ईसीजी, कान, डोळे असं सगळं बघतात. सीपीएलला क्लास १ लागतं. ते पहिल्यांदा मी बंगळूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये केलं. मला चष्मा आहे. चष्म्याने दृष्टी नीट दुरुस्त होत असेल तर तो आड येत नाही, मात्र उडताना दुसरा चष्मा सोबत ठेवावा लागतो. लाखो रुपये भरल्यावर रंगांधळेपण कळलेला एक मुलगा मला भेटला. त्याच्याबद्दल आजही वाईट वाटतं.

कर्जाचं थोडक्यात सांगते. मोठ्या रकमेच्या कर्जाला तारण लागतं. आमच्या कळव्याच्या सोसायटीचं कन्व्हेयन्स झालेलं नाही, म्हणजे जमीन अजून सोसायटीच्या नावावर नाही, त्यामुळे बँकेने आमचं घर तारण म्हणून घेतलं नाही. काकांनी नेरुळचा त्यांचा फ्लॅट दिला. ती जमीन सिडकोची भाडेपट्ट्याची, म्हणून गहाण ठेवायला सिडकोचं ना-हरकत पत्र. मग शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू, टायटल सर्च, मूल्यांकन. एकूण चौदा आठवडे गेले. काकांनी हे करताना एकदाही 'बघू' म्हटलं नाही. तुमच्या घरच्या जागेचे कागद कुठल्या अवस्थेत आहेत, ते बारावीच्या निकालाची वाट न बघता आजच बघून ठेवा.

लेखी परीक्षा मी नौपाड्यातल्या एका अभ्यासिकेत तयारी करून दिल्या. नेव्हिगेशन, हवामान, नियम, तांत्रिक. प्रत्येक विषयात ७० टक्के लागतात. त्यांची मला भीती नव्हती, कारण गणित आणि भौतिकशास्त्र मराठीत शिकलं तरी तेच असतं.

भीती होती आरटीआरची. ही रेडिओची परीक्षा. कानावर हेडसेट, समोर मार्गाचा नकाशा, आणि तुम्ही विमानात आहात असं धरून परीक्षकाशी बोलायचं. डिसेंबर २०२२ मध्ये मी नापास झाले. मला वाक्यं पाठ होती, पण परीक्षकाने मधेच अनपेक्षित काही विचारलं की ते मनात मराठीत फिरायचं, मग उत्तर इंग्रजीत वळायचं, आणि तोवर ते पुढे गेलेले असायचे. पुढच्या वर्षी दुसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले. (माझ्या वेळी ही परीक्षा दूरसंचार खात्याकडे होती. भारतीय वायुयान अधिनियम २०२४ आल्यावर ते काम डीजीसीएकडे गेलं आहे, त्यामुळे जुन्या मुलांनी सांगितलेली पद्धत तशीच धरून चालू नका.)

फेब्रुवारी २०२३ मध्ये उड्डाण शिकायला जळगावला गेले. रात्री ठाण्याहून गाडी पकडायची, पहाटेच्या आत जळगाव. विमानतळावर ये-जा करायच्या पाससाठी पोलीस पडताळणी झाली. कळवा पोलीस ठाण्यातून हवालदार घरी आले तेव्हा आईने आधी त्यांना चहा दिला आणि मग विचारलं, काय झालं म्हणून. विमान सेसना १७२. ताशी १४,००० रुपये हा माझा दर होता. पावसाळ्यात काही आठवडे दोन-दोन तासच उडता आलं, ढग खाली उतरले की आम्ही सगळे हँगरमध्ये बसून हवामानाचे कोड वाचायचो. डिसेंबर अखेर माझे सव्वाशे तास झाले आणि फळ्यावर माझ्या नावापुढे 'थ्री हंड्रेड' लिहिलं गेलं.

मार्ग ठरला जळगाव, इंदूर, छत्रपती संभाजीनगर आणि परत जळगाव. १०६, १७३ आणि ६७ मिळून ३४६ नॉटिकल मैल. कमीत कमी ३०० लागतात म्हणून ३०१ चा मार्ग आखू नये, हे सरांनी, म्हणजे माझ्या प्रशिक्षकांनी, पहिल्याच दिवशी सांगितलं. वाटेत ढग टाळायला वळावं लागतं, आणि कागदावर हिशेब तपासणारा माणूस तुमचं ऐकून घेत नाही.

सगळ्यात जास्त वेळ नकाशावर गेला. रेष आखायची, तिच्यावर दर दहा मिनिटांची खूण. डावी-उजवीकडे काय दिसलं पाहिजे ते पेन्सिलीने लिहायचं: तापी, सातपुड्याच्या पायथ्याचा रस्ता, खरगोन डावीकडे, नर्मदा, मग विंध्याचा चढ. वाऱ्याचा हिशेब ज्या गोल सरकपट्टीवर करतात तिला फ्लाइट कम्प्युटर म्हणतात. मोबाइलवर सगळं मिळतं, तरीही सरांनी सांगितलं की नकाशा आणि घड्याळ यावरच जायचं, मोबाइल पिशवीत. घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर. आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा. बाबांनी निवृत्तीला मिळालेलं घड्याळ मला दिलं होतं, तेच मी यूटीसीला लावून ठेवलं.

आईला नकाशा दाखवला तेव्हा तिने नर्मदेवर बोट ठेवून विचारलं, "महेश्वर इथेच कुठेतरी ना?" २००९ मध्ये भिशीच्या बायकांबरोबर ती ओंकारेश्वर-महेश्वरला गेली होती. तिथून आणलेली जांभळी महेश्वरी ती अजून फक्त लग्नकार्यात नेसते. "वरून अहिल्याबाईंचा घाट दिसतो का बघ," म्हणाली. माझ्या रेषेपासून महेश्वर आठ-नऊ मैल पश्चिमेला होतं. मी तिथे एक बारीक गोल काढला.

शुक्रवार, १९ जानेवारी २०२४. आदल्या संध्याकाळी फ्लाइट प्लॅन भरला. सकाळी हवामान खात्याच्या (आयएमडी) ऑनलाइन ब्रीफिंगवरून तिन्ही ठिकाणचं हवामान, मग नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीच्या सूचना, मग एडीसी आणि एफआयसी हे दोन क्रमांक. एडीसी म्हणजे हवाई संरक्षणाची परवानगी, एफआयसी म्हणजे उड्डाण माहिती केंद्राचा क्रमांक. हे दोन्ही क्रमांक हातात आल्याशिवाय विमान हलत नाही, आणि ठरलेल्या वेळेपेक्षा बराच उशीर झाला तर प्लॅनची वेळ बदलून द्यावी लागते. त्यामुळे धुक्याच्या दिवसांत निघायची वेळ आशेवर लिहू नका, गेल्या आठवडाभर दृश्यता किती वाजता सुधारली ते बघून लिहा.

मी आशेवर ८ लिहिली होती. निघाले १०.२० ला.

तापी ओलांडेपर्यंत ठीक होतं. सातपुडा सुरू झाला तशी समोरची क्षितिजाची रेघ पुसली गेली. जमीन आणि आकाश एकाच ताकाच्या रंगाचं झालं. खाली बघितलं तर डोंगर दिसायचे, पुढे बघितलं तर काहीच नाही. पंचवीसेक मिनिटांनी इंदूरला पहिला कॉल दिला. पलीकडून उत्तर आलं, आणि ते एका दमात आलं: ट्रान्सपाँडरचा (रडारवर विमान ओळखू यावं म्हणून असलेल्या यंत्राचा) आकडा, हवेचा दाब, कुठून यायचं, कुठे पोचल्यावर कळवायचं. माझ्या मांडीवरच्या पॅडवर पहिले दोन आकडे उतरले आणि बाकी सगळं कानावरून गेलं.

मी म्हणाले, "रॉजर."

अर्ध्या मिनिटाने त्यांनी मला तेच वाचून दाखवायला सांगितलं. माझ्याकडे वाचायला काही नव्हतं. हात थंड पडले. समोर अजूनही काही दिसत नव्हतं. त्या क्षणी एकच गोष्ट स्वच्छ कळली, की या दृश्यतेत मी पुढे जाऊ शकत नाही. साधं वाक्य बोलले, हवामानामुळे जळगावला परत फिरते आहे. त्यांनी ते लगेच मान्य केलं. वळले. १ तास १० मिनिटं, १६,३०० रुपये.

उतरल्यावर मला रडू आलं होतं, ते मी हेडसेट आवरण्याच्या निमित्ताने विमानातच संपवलं. सर बाहेर उभे होते.

"परत आलीस ते बरोबर केलंस," ते म्हणाले. "पाच किलोमीटरच्या खाली दृश्यता गेली की आपलं काम संपलं. त्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. पण इंदूरने तुला काय सांगितलं होतं?"

"नीट कळलं नाही, सर."

"मग रॉजर का म्हणालीस?"

मी गप्प.

"रॉजरचा अर्थ काय?"

"तुमचं शेवटचं बोलणं पूर्ण मिळालं."

"तुला मिळालं होतं?"

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. मला तेव्हा कळलं की माझ्या इंग्रजीचा प्रश्नच नव्हता, कारण ते शब्द मला सगळे येत होते. शाळेपासून लागलेली एक सवय होती. वर्गात इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलींसमोर, पुढे नोकरीत मीटिंगमध्ये, न कळलेल्या गोष्टीला मान डोलवायची. पुन्हा विचारलं तर आपण मराठी शाळेतल्या, हे उघडं पडेल असं वाटायचं. जमिनीवर त्या सवयीने माझं फारसं कधी काही बिघडलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आईचा फोन आला, "घाट दिसला का?" म्हटलं, "नाही गं, अलीकडूनच परत आले."

विमान तपासणीला जाणार होतं, पुढे २६ जानेवारी. मी दोन आठवडे कळव्याला आले. सरांनी एकच काम दिलं होतं: रोज तासभर, गोंगाटात, ऐकायचं आणि लिहायचं. शांत खोलीत नाही.

धाकट्या भावाने साठ चिठ्ठ्या केल्या. प्रत्येकीवर एक सूचना, टॉवरच्या भाषेत. मी मसुंदा तलावाभोवती चालायचे, तो मागून चालत एक चिठ्ठी काढून एका दमात वाचायचा. तलावपाळीला संध्याकाळी भेळवाले, घोडागाड्या, रिक्षांचे हॉर्न, सगळं असतं. मला चालता चालता पॅडवर आकडे उतरवायचे आणि परत वाचून दाखवायचे. घरी तो आई मिक्सर लावेल तेव्हाच सुरू करायचा. ठाणे स्टेशनच्या पुलावर उभी राहून मी गाड्यांच्या घोषणाही अशाच लिहिल्या: गाडी, वेळ, फलाट. घोषणा संपायच्या आत तिन्ही गोष्टी कागदावर हव्यात. पहिल्या दिवशी दहातल्या चार झाल्या. दहाव्या दिवशी नऊ.

यातून चार गोष्टी हाती लागल्या.

आधी लघुलिपी ठरवून घ्या. मी पॅडवर चार चौकटी आखल्या: ट्रान्सपाँडर, दाब, धावपट्टी, पुढचा कॉल. आवाज आला की शब्द ऐकायचे नाहीत, चौकट भरायची. कुठली रिकामी राहिली ते डोळ्यांना दिसतं.

मग ती रिकामी चौकट विचारायची. 'से अगेन' म्हणजे पुन्हा सांगा. पण सगळंच पुन्हा मागायची गरज नसते. 'से अगेन ऑल आफ्टर' असं म्हणून शेवटचा कळलेला शब्द सांगितला की ते त्यापुढचंच सांगतात. ही रीतसर भाषा आहे, पुस्तकात छापलेली आहे. म्हणजे पुन्हा विचारण्याची सोय नियमातच करून ठेवलेली आहे, आणि मी ती वर्षभर पाठ करूनही वापरली नव्हती.

तिसरं, धावपट्टी, उंची, दिशा, दाब, ट्रान्सपाँडरचा आकडा, उतरायची किंवा निघायची परवानगी, हे सगळं आकड्यासकट परत वाचून दाखवायचंच असतं. नुसत्या 'रॉजर'ने ते भागत नाही.

आणि पहिल्या कॉलमध्ये 'स्टुडंट पायलट, सोलो' म्हणा. मला ते कमीपणाचं वाटायचं. पलीकडच्या माणसाला ती उपयोगाची माहिती असते.

उच्चारांची भीती असेल तर हेही ऐका: रेडिओवर तीनला 'ट्री', पाचला 'फाइफ', नऊला 'नाइनर' म्हणतात, कारण खरखरीत आकडे ऐकताना चूक होऊ शकते. अख्ख्या जगाने आपले उच्चार बदलून घेतलेत, समोरच्याला नीट ऐकू जावं म्हणून. तिथे ऐटदार इंग्रजीला काही किंमत नाही. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन उतरले, तेव्हा त्यांच्या पस मॉथमध्ये रेडिओच नव्हता. मला पूर्वी त्याचं फक्त कौतुक वाटायचं. आता वाटतं, त्यांना विचारायला कुणीच नव्हतं.

मंगळवार, ६ फेब्रुवारी २०२४. दोन दिवस वारा वाहून हवा स्वच्छ झाली होती. या वेळी प्लॅनमध्ये निघायची वेळ ९.४० लिहिली, यूटीसीप्रमाणे ०४१०. टाक्या पूर्ण भरल्या. आपल्याकडे सेसनाला लागणारं एव्हगॅस प्रत्येक विमानतळावर मिळत नाही, त्यामुळे सगळ्या फेरीचं आणि वरच्या राखीव वेळेचं इंधन घरूनच घेऊन निघणं बरं. टाकीतला नमुना काढून बघितला, निळा आणि स्वच्छ, पाण्याचा थेंब नाही. पिशवीत दुसरा चष्मा, दोन जास्तीच्या पेन्सिली (एक पॅडला दोऱ्याने बांधलेली, कारण खाली पडलेली पेन्सिल उडताना शोधायची नसते), पाण्याची छोटी बाटली, आईने संक्रांतीचे म्हणून दिलेले आणि अजून टिकलेले तिळाचे लाडू. मुलींनो, सकाळी चहा घेऊ नका, पाणी घोट घोट प्या, आणि प्रत्येक विमानतळावर उतरल्यावर कागदांच्या आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारा.

९.४४ ला चाकं सुटली. साडेपाच हजार फूट. तापी खाली आली तेव्हा ठरलेल्या वेळेपेक्षा एक मिनिट पुढे होते. सातपुडा या वेळी पूर्ण दिसला, एकामागे एक कडा, मधल्या दऱ्यांत वाळलेला साग. खरगोन डावीकडे, जिथे असायला हवं तिथे. आपण कागदावर लिहिलेलं गाव खरोखर त्या मिनिटाला खिडकीत येतं, हा आनंद मला शब्दांत सांगता येत नाही.

इंदूरला कॉल दिला. 'स्टुडंट पायलट, सोलो.' उत्तर आलं. या वेळी तीन चौकटी भरल्या, चौथी रिकामी. अंगठा बटणावर ठेवला आणि छाती धडधडत असताना म्हटलं, से अगेन ऑल आफ्टर, आणि दाबाचा आकडा.

पलीकडच्या आवाजाने तेवढाच भाग पुन्हा सांगितला, जरा सावकाश. त्यात ना वैताग होता, ना दया. मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, बरोबर आहे.

इतकंच झालं. एका वाक्यासाठी मी सोळा हजार रुपये आणि अठरा दिवस घालवले होते, आणि ते वाक्य बोलायला चार सेकंद लागले.

नर्मदा लांबूनच चकाकली. तिच्यापलीकडे विंध्य उभा, त्यावर माळवा. इंदूरला धावपट्टी २५ साठी दक्षिणेकडून येताना लेफ्ट डाऊनविंड मिळाला, म्हणजे धावपट्टी डावीकडे ठेवून तिला समांतर, उतरायच्या उलट दिशेने जायचं. तिथेच सूचना आली, एक एअरबस उतरतेय, जागेवर एक चक्कर घ्या. पूर्ण कळलं, परत वाचलं, चक्कर घेतली. मोठ्या विमानामागे हवेत भोवरे राहतात, त्यामुळे छोट्या विमानाला थांबवतात. त्यात आपली काही चूक नसते. १०.५४ ला उतरले. देवी अहिल्याबाई होळकरांचं नाव असलेल्या त्या विमानतळावर माझं सेसना मोठ्या विमानांच्या ओळीत, पार टोकाला उभं केलं.

इथे सव्वा तास गेला. पुढचा प्लॅन, पुढचे क्रमांक, हवामान, सरांना फोन, लॉगमध्ये वेळा. दोन लाडू खाल्ले.

१२.१२ ला निघाले. हा टप्पा मोठा, १७३ मैल. दक्षिणेकडे जाताना साडेसहा हजार. दुपारी सातपुडा तापलेला, खालून गरम हवेचे झोत यायला लागले. विमान सारखं उचललं जायचं आणि बसायचं. हात आवळले की विमान जास्त हलतं. बोटं सैल सोडा, पंख सरळ ठेवा, उंची थोडी वर-खाली होऊ द्या. वारा समोरून होता, दुसऱ्या खुणेपर्यंत पाच मिनिटं मागे पडले. नवीन हिशेब करून पोचायची वेळ रेडिओवर बदलून दिली. हेही स्वतःहून सांगायचं असतं, कुणी विचारायची वाट बघायची नाही.

मग जळगाव आलं. डावीकडे चार मैलांवर आमची धावपट्टी, हँगरचं छप्पर, बाजूला केळीच्या बागांचे हिरवे चौकोन. तिथे जेवणाची वेळ झाली असणार. दोन तास गेले होते, मान दुखत होती, आणि वळलं तर दहा मिनिटांत खाली. ती धावपट्टी मागे जाईपर्यंत मी तिच्याकडे बघत राहिले.

अजिंठ्याची रांग चढून पठारावर आलं की जमीन जवळ येते. जळगाव समुद्रसपाटीपासून साडेआठशे फुटांच्या आसपास, तर संभाजीनगरचा विमानतळ एकोणीसशेच्या वर. रेडिओवर तेव्हाही 'औरंगाबाद'च. तिथे एकदा टॅक्सी-वे, म्हणजे धावपट्टीवरून विमान उभं करायच्या जागेकडे जायचा रस्ता, कळला नाही. पुन्हा विचारला. या वेळी छाती धडधडली नाही, हे मला बऱ्याच वेळाने लक्षात आलं. १.५८ ला उतरले होते, २.५५ ला पुन्हा वर. शेवटचे ६७ मैल. घाट उतरून तापीचं खोरं उघडलं आणि ३.३७ ला जळगाव.

सरांनी नकाशा मागितला. मग पॅड. चौकटी असलेले तिन्ही कागद उलटून बघितले. एका चौकटीत मी प्रश्नचिन्ह काढून मग त्यावर आकडा लिहिला होता, तिथे त्यांनी थोडा वेळ बोट ठेवलं. लॉगबुकात सही केली. ३ तास ४० मिनिटं, ५१,३०० रुपये. उद्यापासून नाइट फ्लाइंगच्या यादीत तुझं नाव टाकतो, म्हणाले, दुपारी झोपून घे.

चार दिवसांनी सुट्टी मिळाली. रात्रीची गाडी, पहाटे ठाणे. बाबा स्कूटर घेऊन स्टेशनबाहेर. घरी आईने हात पुसत आधी नकाशाच मागितला आणि पलंगावर पसरला. मी तिला रेष दाखवली, दहा-दहा मिनिटांच्या खुणा दाखवल्या, नर्मदा दाखवली.

"दिसला घाट?"

"घाटाच्या पायऱ्या नाही दिसल्या. एवढ्या लांबून नदीच्या काठाला किल्ल्याचा तपकिरी ठिपका दिसला. जाताना डावीकडे."

तिने माझा पेन्सिलीचा गोल शोधला. मग बोट रेषेवरून वर इंदूरपर्यंत नेलं, तिथे फिरवलं आणि सावकाश खाली आणलं.

"म्हणजे परत येताना उजवीकडे आला असेल," ती म्हणाली.